पूर यंत्राला कोण शिकवणार?

पावसाळ्याच्या दिवसांत कोल्हापुरात सकाळी भेटलेला माणूस आपली प्रकृती विचारण्याआधी पाणी विचारतो. ‘किती झालं?’ एवढाच प्रश्न. कशाचे, कुठले, हे सांगावे लागत नाही आणि उत्तरही फूट-इंचातच येते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर पोहोचली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘बंधारे किती गेले पाण्याखाली?’ या दोन आकड्यांवरून सुतारवाड्यातली माणसे बोचकी बांधायची की नाही ते ठरवतात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतले लोक गणपतीच्या मूर्ती वरच्या माळ्यावर चढवतात आणि चिखली-आंबेवाडीची मंडळी जनावरांची दावी सोडतात. इतर गावांना पूर ही बातमी असते. आमच्याकडे तो पिढ्यान् पिढ्या मांडत आलेला हिशेब आहे.

या फूट-इंचांच्या गावात वाढलेला माझा पुतण्या सध्या युरोपातल्या एका विद्यापीठात आहे. तो तिकडे नेमके काय करतो, असे कोणी विचारले की आमच्या वहिनी सांगतात, ‘उपग्रहाच्या फोटोवरनं कॉम्प्युटरला पूर ओळखायला शिकवतोय.’ खरे सांगायचे तर याहून नेटकी व्याख्या मलाही करता आली नसती. तो ‘पोस्ट-डॉक’ आहे. म्हणजे पीएच.डी. झाली, पण कायमची नोकरी नाही. दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर कुणा प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करायचे, निबंध लिहायचे, मुदत संपली की दुसरे गाव शोधायचे. कोल्हापुरी भाषेत सांगायचे तर वस्तादाच्या हाताखालून बाहेर पडलेला, पण अजून स्वतःची तालीम नसलेला पैलवान.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला.

‘काका, एकोणीसच्या पुरात आपल्या मळ्यात पाणी किती होतं?’

‘पुरुषभर.’

‘नक्की?’

‘नक्की म्हणजे काय? तुझ्या बाबांनी नि मी गळ्याएवढ्या पाण्यातनं म्हशी काढल्यात.’

‘आणि ऊस केवढा होता?’

‘आडसाली होता. हात वर केला तरी शेंड्याला पोचत नव्हता.’

पलीकडे तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘मग बरोबर आहे. आमच्या नकाशात तिथं कोरडं दिसतंय.’

आमचा मळा शिरोळ तालुक्यात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता आणि खाली शिरोळकडे कृष्णा-पंचगंगेचे पाणी उतरायचे नावच घेत नव्हते. त्या दिवसांत जे रान पाण्यात उभे होते ते एका अत्यंत हुशार यंत्राच्या लेखी कोरडे होते! पहिल्यांदा मला हसू आले. नंतर विचार करता करता झोप उडाली. कारण आज हा प्रश्न एका संशोधकाच्या नकाशापुरता असला, तरी उद्या तो पंचनाम्याचा होणार आहे.

आकाशातून जमीन पाहण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. पी. आर. पिशारोटी यांना भारतीय दूरसंवेदनाचे जनक मानले जाते. १९६२ मध्ये पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले ते हेच. १९७० च्या सुमारास त्यांनी केरळातल्या नारळाच्या बागांची हवेतून अवरक्त छायाचित्रे घेऊन रोगट झाडे ओळखण्याचा प्रयोग केला. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आय.आर.एस.-१ए हा आपला पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह रशियन रॉकेटने अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. आज हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात देशभरच्या पुरांचे नकाशे तयार होतात. या केंद्राची मूळ संस्था सत्तरच्या दशकातली. तेव्हा आपण या विषयात काल आलेलो नाही.

अडचण आहे ती ढगांची. साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह आपल्या डोळ्यांसारखाच असतो, त्याला ढगांपलीकडचे दिसत नाही. ज्या आठवड्यात गगनबावड्यापासून राधानगरीपर्यंत आभाळ फाटलेले असते, नेमक्या त्या आठवड्यात त्याच्या चित्रात पांढऱ्या कापसाखेरीज काही नसते. म्हणून रडार लागते. रडारचा उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. त्याला उजेड लागत नाही आणि ढग आडवे येत नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-१ए हा असा उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये गेला आणि त्याची चित्रे जगातल्या कोणालाही फुकट मिळू लागली. आपलेही रिसॅट-१ (२०१२) आणि ई.ओ.एस.-०४ (२०२२) हे याच जातीचे.

सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका साधारण दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. शंभर चौरस मीटर म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून कोणीतरी आपल्या सातबाऱ्याच्या मापानेच जमीन पाहते आहे, असे म्हणायला हरकत नाही. एक एकर म्हणजे असे चाळीस ठिपके. प्रत्येक ठिपक्यात पाणी आहे की नाही, एवढेच यंत्राने सांगायचे.

हे ओळखण्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. संथ पाणी आरशासारखे असते. तिरकस आलेली लहर त्यावरून पलीकडे निसटते, उपग्रहाकडे परत काही येत नाही आणि चित्रात तो भाग काळा दिसतो. शेत, झाडे, घरे यांच्यावर लहर विखुरते, थोडीफार परत येते आणि तो भाग करडा किंवा उजळ दिसतो. काळे ते पाणी, करडे ती जमीन. हा नियम उघड्या मैदानावर पसरलेल्या पुराला छान लागू पडतो. आमच्या जिल्ह्यात मात्र तो पावलोपावली ठेचकाळतो.

पश्चिमेकडून सुरुवात करू. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या भागांत जुलैत भाताची रोपलावण चालते. चिखलणी केलेल्या खाचरात पाणी मुद्दाम तुंबवलेले असते आणि रोपे अजून वीतभरच असतात. रडारला ते काळे दिसते, म्हणजे यंत्र म्हणणार, पूर! डोंगराच्या ज्या उतारावर लहर पोहोचतच नाही तिथे रडारची सावली पडते, तीही काळीच. उजळाईवाडीच्या विमानतळाची गुळगुळीत धावपट्टीही पाण्यासारखीच दिसू शकते. शहरात नेमके उलटे होते. गल्लीत साचलेल्या पाण्यावरून उडालेली लहर शेजारच्या भिंतीवर आपटून थेट उपग्रहाकडे परतते, म्हणजे बुडालेली गल्ली काळी दिसण्याऐवजी जास्तच उजळ दिसू शकते.

आणि मग आमचा ऊस. ऊस अख्खा बुडाला तर वर पाणीच उरते, ते काळे दिसते आणि यंत्र बरोबर ठरते. पण दहा फूट उसात सहा फूट पाणी असेल तर? सेंटिनेलच्या लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. ती उसाच्या दाट पाल्यातच अडकते आणि खालच्या पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. तिच्या दृष्टीने आठवड्यापूर्वीचा हिरवागार फड आणि आजचा पाण्यात उभा असलेला फड यांत काही फरक नाही. थोडक्यात, जिथे शेतकऱ्याने हौसेने पाणी धरले तिथे यंत्राला पूर दिसतो आणि जिथे पुराने त्याचा वर्षभराचा घाम नासवला तिथे त्याला सारे आलबेल वाटते.

कोणी म्हणेल, मग कृत्रिम बुद्धिमत्ता कशासाठी आहे? नुसता काळा-करडा भेद करायचा असता तर बुद्धिमत्ता कशाला हवी होती? प्रश्न रास्त आहे. हे यंत्र एका ठिपक्याकडे पाहून थांबत नाही. शेजारचे ठिपके, नदीपासूनचे अंतर, जमिनीचा उतार, आठवड्यापूर्वीचे चित्र, असे सगळे एकत्र पाहून ते अंदाज बांधते. पण कसा अंदाज बांधायचा हे त्याला कोणी नियम लिहून सांगत नाही, ते उदाहरणांवरून शिकते. हजारो चित्रे आणि प्रत्येक चित्रासोबत माणसाने आखून दिलेले उत्तर, इथे पाणी आहे, इथे नाही. दहावीच्या मुलाने जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात तसे हे शिक्षण. तेव्हा सगळा भार येतो तो उत्तरे कोणी लिहिली यावर.

पुतण्याने सांगितलेली खरी गंमत इथेच आहे. पुष्कळदा ही उत्तरे आखणारा माणूस दूर कुठेतरी बसलेला असतो आणि तोही उपग्रहाचे चित्र पाहूनच रेघ ओढतो. ज्या चित्रात उसाखालचे पाणी दिसत नाही त्यावरून त्याने उत्तर तरी काय लिहावे? तो ‘कोरडे’ लिहितो. यंत्रही ‘कोरडे’ म्हणायला शिकते. मग परीक्षा होते, दोघांची उत्तरे जुळतात आणि यंत्राला भरघोस गुण पडतात. चूक कोणालाच सापडत नाही, कारण शिकवणारा, शिकणारा आणि तपासणारा असे तिघेही एकाच खिडकीतून बघत असतात.

गुणांचाही एक भुलभुलैया आहे. समजा, शंभर गुंठ्यांपैकी दहा गुंठे पाण्यात आहेत. यंत्राने डोळे मिटून ‘शंभरही कोरडे’ असे सांगितले, तरी नव्वद उत्तरे बरोबर येतात. नव्वद टक्के अचूक! जाहिरातीत हा आकडा किती शोभून दिसेल. म्हणून या विषयातले जबाबदार संशोधक एकूण अचूकता सांगून थांबत नाहीत. खरोखर बुडालेल्यांपैकी किती सापडले हे वेगळे मोजतात. आपणही यापुढे असा टक्का कानावर पडला की हाच प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.

ऑगस्ट २०२३ मध्ये नासा आणि आय.बी.एम. यांनी मिळून एक मोठे प्रारूप सर्वांसाठी खुले केले. त्याचे नाव ‘पृथ्वी’. चित्राचा काही भाग झाकायचा आणि उरलेल्यावरून तो ओळखायला लावायचा, अशा ‘गाळलेल्या जागा भरा’ पद्धतीने त्याला आधी पृथ्वीच्या रूपाची ओळख करून दिली. अशा पायाभूत शिक्षणानंतर पूर किंवा वणवा ओळखायला थोडी उदाहरणेही पुरतात. कल्पना उत्तमच आहे. नाव संस्कृत असल्याने आपल्याला जवळचेही वाटते. पण या पृथ्वीची पहिली शाळा अमेरिकेच्या भूमीवरची चित्रे हीच होती. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या तिच्या पुढच्या आवृत्तीला जगभरची चित्रे दाखवली गेली. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. ज्यांच्यापाशी जे होते ते त्यांनी दाखवले. शिरोळचा ऊस, आजऱ्याचे भात आणि शाहूपुरीची गल्ली दाखवायचे काम त्यांचे नव्हते, ते आमचे होते.

आता पंचनाम्याकडे येऊ. पूर ओसरला की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक चिखल तुडवत बांधावर येतात. त्या पद्धतीत दोष आहेत, उशीर आहे, ओळखीपाळखी आहेत, हे मी नाकारत नाही. उपग्रहाच्या नकाशाने ते दोष कमी होऊ शकतात. शंभर गावे एकदम वेढली गेली असताना बोट आधी कुठे पाठवायची, हे काही तासांत सांगणारा नकाशा तर देवदूतच म्हणायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली, ती वेळ ज्यांना आठवते त्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून यंत्र नको, असे म्हणणारा मी नाही. बारामतीत उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत, आपल्या पट्ट्यातही त्यांची चर्चा आहे, आणि ते व्हायलाच हवेत.

पण उद्या असा दिवस येईल की, एखादा शेतकरी म्हणेल माझे रान आठवडाभर पाण्यात होते आणि टेबलापलीकडचा माणूस पडद्याकडे बोट दाखवून म्हणेल, ‘इथं तर कोरडं दिसतंय.’ तलाठ्याशी भांडता येते. त्याला बांधावर ओढून नेता येते, पोंग्यात शिरलेला गाळ आणि कांड्यावर फुटलेल्या मुळ्या दाखवता येतात. नकाशाशी कसे भांडणार? नकाशाला बांध नसतो. शिवाय ज्याच्या उसाचे शेंडे पाण्याबाहेर राहिले, त्याचेच नुकसान नकाशातून निसटणार. मुळे गुदमरतात, वजन घटते, उतारा पडतो, पण लांबून पाहणाऱ्याला रान हिरवेच दिसते.

एवढे ऐकल्यावर मी पुतण्याला सहज म्हणालो, ‘मग तूच इकडे येऊन हे काम का करत नाहीस?’ त्याचे उत्तर मला विचार करायला लावणारे होते. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्तीची मुदत दोन वर्षांची. दोन वर्षे म्हणजे पंचगंगेच्या हिशेबात दोन पावसाळे. त्या दोन पावसाळ्यांत पूर आलाच नाही तर? जुलै २००५ चा महापूर आम्ही पाहिला आणि त्याहून मोठा आला तो थेट २०१९ मध्ये, चौदा वर्षांनी. पुढचा मात्र जुलै २०२१ मध्येच येऊन धडकला आणि पाण्याने पुन्हा ५५ फूट ओलांडले. पूर संशोधकाची मुदत पाहून येत नाही. २००६ मध्ये नेमणूक झालेला कोणी असता तर तो महापूर न पाहताच घरी गेला असता आणि २०१९ मध्ये आलेल्याला जुन्या पुराची एक ओळही कोणी लिहून ठेवलेली सापडली नसती.

माझे म्हणणे एवढेच आहे. संशोधक येतील आणि जातील, उपग्रहही येतील आणि निकामी होतील. पुराची उत्तरपत्रिका मात्र पुराच्या गावातच राहिली पाहिजे. ती लिहिण्याचे आणि जपण्याचे काम गावाचे आहे, आणि त्यासाठी संगणक लागत नाही.

काय लिहायचे? तीन गोष्टी. पाणी कुठवर आले, कोणत्या दिवशी, किती वाजता आले आणि कधी उतरले, आणि त्या वेळी रानात कोणते पीक किती उंचीचे उभे होते. पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक गावात कोणाला ना कोणाला ठाऊक असतात. देवळाच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, तालमीच्या चौकटीवर पुराची रेघ असते. रेघेशेजारी तारीख आणि वेळ लिहायला दोन मिनिटे लागतात. तिसरी गोष्ट तर आपल्याकडे आधीच कागदावर आहे. साखर कारखान्याचा चिटबॉय बांधावर येऊन उसाची नोंद करतो, तेव्हा गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख असे सारे लिहिले जाते. लागणीची तारीख कळली की पुराच्या दिवशी ऊस केवढा असेल हे कोणताही शेतकरी डोळे मिटून सांगेल. जगातल्या कितीतरी संशोधकांना अशी नोंद मिळाली तर ते ती डोक्यावर घेऊन नाचतील. आमच्याकडे ती हंगाम संपला की गठ्ठ्यात जाते.

हे एकत्र करणारी जागाही इथेच आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. तिथे भूगोल आहे, संगणकशास्त्र आहे आणि दरवर्षी शेकडो मुले प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. पुरानंतरच्या पंधरवड्यात त्यांना एकेक गाव वाटून दिले, तलाठ्याची नोंद, कारखान्याची नोंद आणि गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण यांचा मेळ घालायला लावला, तर दोन-तीन पुरांत जे हाती येईल ते परदेशातून विकत आणता येणार नाही. शेतकऱ्याचे नाव त्यात असण्याची गरज नाही. जागा, दिवस आणि पाणी एवढे पुरे. आणि अशा कामासाठी एक-दोन पोस्ट-डॉकच्या जागा निघाल्या, तर बाहेर गेलेल्या एखाद्या पैलवानाला घरचा आखाडा मिळेल.

वेळही हीच आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा उपग्रह गेला. तो इस्रो आणि नासा यांचा. त्याच्या दोन रडारांपैकी एक आपण बांधले आणि दुसरे त्यांनी. नासाच्या रडारची लहर चोवीस सेंटिमीटरची आहे. लांब लहर पाल्याला दाद देत नाही, ती आत शिरते, पाण्यावर आणि मग उसाच्या कांड्यांवर आपटून परत येऊ शकते. म्हणजे आमच्या उसातले पाणी आकाशातून दिसण्याची आशा आता कुठे निर्माण झाली आहे. पण गोम अशी की, या चित्रात बुडालेला ऊस काळा न दिसता अधिक उजळ दिसण्याचा संभव आहे. ‘काळे ते पाणी’ हा धडा घोकलेल्या यंत्राला नवा धडा द्यावा लागेल आणि तो द्यायला पुन्हा उदाहरणेच लागतील. कोणत्या रानात, कोणत्या दिवशी, किती पाणी होते? निसारला त्याच जागेवर त्याच वाटेने परत यायला बारा दिवस लागतात. तेव्हा दिवस चुकला तर सगळेच चुकले.

पुतण्यालाही हेच हवे होते, दिवस. ‘काका, पाणी मळ्यात शिरलं ती तारीख सांगा, उतरलं ती सांगा.’ मी अडलो. पुरुषभर पाणी आठवत होते, तारीख काही आठवेना. रविवारी मळ्यातल्या घरी गेलो. भिंतीवर पुराची गाळकट रेघ होती, हे पक्के आठवत होते. पण मधल्या काळात आम्हीच दोनदा रंग दिला होता. पुराची आठवण पुसायची घाई आम्हालाच झाली होती.

वहिनी भांडी विसळत होत्या. त्यांना विचारले तर हात न थांबवता म्हणाल्या, ‘त्यात काय आठवायचं? पंचमीला सकाळी पाणी बांधावर आलं. नागोबाला लाह्या वाहायच्या राहिल्या म्हणून जीव हळहळला माझा. रात्री म्हशी हलवल्या. आणि राखीला परत आलो तेव्हा रानातलं उतरलेलं, अंगणात तेवढा चिखल.’ पाणी कुठवर आले होते? त्यांनी ओला हात देवळीकडे केला. ‘देवळीच्या खालच्या कडेला लागलेलं. आतली समई कोरडी राहिली.’

जुने कॅलेंडर शोधून पाहिले. २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती आणि राखी पौर्णिमा १५ ऑगस्टला. मी टेप घेऊन जमिनीपासून देवळीपर्यंतचे अंतर मोजले आणि तारखांसह पुतण्याला कळवले. त्याच्या यंत्राच्या हजारो उदाहरणांत आता आमच्या मळ्याचे चाळीस ठिपके बरोबर उत्तरासह गेले आहेत.

दिवाळीआधी रंगारी येणार आहे. त्याला सांगून ठेवले आहे की देवळीखालची वीतभर जागा सोड. तिथे तांबड्या रंगाने रेघ ओढायची आहे. शेजारी दोन्ही तारखा घालू, आणि खाली लिहू, ‘ऊस आडसाली, शेंडे पाण्याबाहेर.’